नऊ खाटांचे सदुभट

पौषातली सकाळ. आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि ऊन असं की पाठ करून बसून राहावं. अशा वेळी आमच्या गल्लीतून सदुभट डोक्यावर छत्री उघडून चाललेले असायचे. पायात दोन बोटं मोठा जोडा, चालताना मागे फटक फटक वाजणारा. बगलेत आणखी एक छत्री, मिटलेली. मोर्णा नदीच्या काठापर्यंत जायचं, तिथं पहिली छत्री मिटायची, दुसरी उघडायची आणि परत फिरायचं. जाताना बळीराम पाटलांची छत्री, येताना गणू सोनाराची. हे दोघेही मरून चार-सहा महिने झालेले.

नवखा माणूस विचारायचाच, की भटजी, पाऊस कुठे आहे? सदुभट थांबत, वर बघत आणि अगदी गंभीरपणे सांगत, "इथं नाई जी. पन त्याईच्या वाटेवर लागला असंल."

सदुभट आमचे शेजारी. मी तेव्हा अकोल्यात नव्यानं निघालेल्या सरकारी शाळेत मास्तर होतो आणि ते मेलेल्या माणसाच्या नावानं निघणारं दान घेणारे ब्राह्मण. बाराव्या-तेराव्याला मृताच्या नावानं ब्राह्मणाला खाट, गादी, उशी, छत्री, जोडा, तांब्या, कंदील असं देतात. पोथी सांगते की जीवाला यमाच्या गावी पोचायला एक वर्ष लागतं, वाट काट्याकुट्यांची असते, आणि इथं ब्राह्मण जे वापरतो ते तिथं त्या जीवाला मिळतं. बाकीचे ब्राह्मण असलं दान घ्यायला कचरतात, आणि घेतलंच तर दुसऱ्या दिवशी बाजारात नेऊन मोकळे होतात. सदुभटांचं तसं नव्हतं. वापरल्याशिवाय पोचत नाही असं पोथीत आहे ना, मग वापरलं पाहिजे. त्यांच्या दोन खोल्यांत तेव्हा नऊ खाटा होत्या आणि ते पाळीनं एकेका खाटेवर झोपत. पाळी चुकली तर दिवसभर चेहरा उतरलेला. "काल पाटील उभ्यानं राह्यले जी," म्हणत.

बरं, नुसतं झोपून भागत नसे. ज्याची खाट त्याच्यासारखं झोपायला हवं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दान घ्यायला गेले की ते आधी चौकशी करत. घरात रडारड चालू आहे, आणि हे नुकतंच कुंकू पुसलेल्या बाईला विचारताहेत, "बाई, मालक घोरत काय? उजव्या कुशीवर का डाव्या? उशाले पानी लागे काय?" बळीराम पाटलांचे मुलगे त्यांना हाकलायला उठले होते. पण पाटलीणबाईंनी डोळे पुसले आणि पाटील कसे झोपत, कुशीवर वळताना कसं देवाचं नाव घेत, पहाटे पांघरूण कसं ओढत, हे सगळं तासभर सांगितलं. सदुभट मधेमधे घोरून दाखवत आणि "असं? का यापेक्षा खालच्या सुरात?" म्हणून विचारत. त्या घरात बारा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हसलं म्हणतात.

वर्ष भरलं की मात्र सगळा नूर पालटे. वर्षश्राद्धाच्या दिवशी दुपारी सदुभट हात जोडून "पोचले" म्हणत, आणि ज्या वस्तूला वर्षभर जिवापाड जपलं ती संध्याकाळच्या आत घराबाहेर काढायची त्यांना अशी घाई होई की बघणाऱ्याला धडकी भरावी. मालक मुक्कामाला पोचला, आता त्याचं सामान घरात ठेवलं तर त्याचा जीव मागे ओढ घेईल, ही त्यांना भीती. पण घेणार कोण? सदुभटांच्या घरची वस्तू कसली, हे सगळ्या गावाला ठाऊक. मेलेल्याच्या खाटेवर फुकटही कुणी झोपत नाही. मग त्यांनी तांब्या विहिरीवर विसरावा, तर गल्लीतल्या बाया तो धावत आणून द्यायच्या. छत्री धर्मशाळेत ठेवावी, तर धर्मशाळेचा रखवालदार ती दारात टाकून जायचा. एकदा एक खाट त्यांनी नदीकाठी उतरलेल्या गाडीवानाच्या गळ्यात मारली. गाडीवान मोठ्या खुशीत झोपला. सकाळी कुणीतरी त्याला खरं सांगितलं आणि त्यानं ती खाट सदुभटांच्या ओट्यावर उभी करून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सदुभटांना शिव्यांचं काही नव्हतं. ते खाटेच्या मालकाच्या काळजीनं दोन दिवस जेवले नाहीत.

त्यात कापसाचे दिवस आले. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि इकडे आमच्या वऱ्हाडात लोक बैलांच्या शिंगांना चांदी चढवायला लागले. श्रीमंती आली की ती मेलेल्यांच्याही वाट्याला येते. पूर्वी दानात निघायची ती सुंभ तुटलेली, एका पायानं लंगडी खाट. आता नवाड विणलेली, रंगीत पायांची खाट यायला लागली, गादीत दोन शेर जास्तीचा कापूस, मुंबईची छत्री, आरसा. एका व्यापाऱ्याच्या मुलानं बापाच्या नावानं घड्याळ दिलं. त्या बापाला जन्मभर घड्याळ कळलं नव्हतं आणि सदुभटांनाही कळत नसे. तरी ते रोज सकाळी घड्याळासमोर उभे राहून "हं" म्हणत आणि कामाला लागत.

घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. स्वयंपाक ते ओट्यावर करत. रात्री शेवटच्या खाटेपर्यंत जायचं तर आठ खाटांवरून चढून जावं लागे, आणि प्रत्येक खाटेवर पाय ठेवताना ते मालकाची क्षमा मागत. मला हे सगळं मोठं गमतीचं वाटे. शाळेत मुलांना पृथ्वी गोल आहे असं शिकवणारा मी. मित्रांना सदुभटांच्या गोष्टी सांगून हसवायचो. मग मार्गशीर्षात माझे वडील गेले आणि माझं हसू बंद पडलं.

वडिलांची खोली सदुभटांच्या घराला लागून होती. ते जमिनीवर काळी घोंगडी टाकून झोपत. खाटेवर झोपलं की गाडीत बसल्यासारखं होतं म्हणत. झोपण्याआधी तासभर बोलायचे. पेरणी, पंचांग, कुणाची म्हैस व्याली, काहीही. मी ऐकत बसे.

माझा थोरला भाऊ, दादा, अमरावतीला कापसाच्या व्यापारात होता. त्याचं नशीब फळफळलेलं. वडिलांचे दिवस चालू असतानाच त्याच्या कापसाच्या गाड्या आल्या. भाव आणखी चढणार म्हणून माल दाबून ठेवायचा होता आणि त्याची अमरावतीची कोठारं भरली होती. तो म्हणाला, "वडिलांची खोली आता रिकामीच आहे, त्यांचं सामान काढून टाक." सामान ते काय! काठी, तपकिरीची डबी, जुन्या पंचांगांचा गठ्ठा, दोन पंचे. मी एका दुपारी सगळं काढून वाटून टाकलं. जमिनीला ओल होती म्हणून घोंगडी खाली अंथरली आणि तिच्यावर आढ्यापर्यंत कापूस भरला. मला हे बरं वाटलं नव्हतं. पण दादापुढे बोलायची माझी छाती कधीच झाली नाही, आणि तेव्हाही झाली नाही.

दादानं दान मात्र असं केलं की सगळ्या अकोल्यानं बघावं. शिसवी पलंग, डोक्याशी दोन मोर, पायाशी दोन मोर. तो सदुभटांच्या दारातून जाईना. शेवटी चौकट काढली, भिंतीचा एक कोपरा पाडला, तेव्हा पलंग आत गेला आणि सदुभटांची अख्खी खोली संपली. त्यांनी पलंगाभोवती कसंबसं फिरून बघितलं आणि मला विचारलं, वडील कसे झोपत? मी सांगितलं, लोळत झोपत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

तिसऱ्या दिवशी सदुभट कपाळावर हळद भरून आले. रात्री वडिलांसारखे लोळले होते, आणि मोराला कपाळ आपटून खाली आले होते. "मास्तर," ते म्हणाले, "या पलंगावर तुमचे वडील झोपून नाई राह्यले. बसून आहेत."

मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. वडील त्या अंधाऱ्या वाटेवर एका भल्यामोठ्या पलंगाच्या काठाला पाय सोडून बसले आहेत, हे मला अगदी समोर दिसलं. त्यांना पाठ टेकता येत नव्हती.

वडील खाली घोंगडीवर झोपत हे मी तेव्हा कबूल केलं, आणि सदुभटांनी घोंगडी मागितली. घोंगडी कुठे आहे ते मी सांगितलं.  ते म्हणाले, की कापूस निघेल तेव्हा द्या, पण वर्षाच्या आत निघू द्या. वर्ष उलटल्यावर दिलेली वस्तू त्या माणसाला सापडत नाही.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. मी दादाला चिठ्ठ्या लिहिल्या. त्याचं उत्तर एकच: भाव चढतो आहे, कापसाला हात लावू नकोस. होळीच्या सुमारास लढाई संपायला आल्याची बातमी आली आणि भाव कोसळले. मला वाटलं, आता तरी तो विकेल. तर त्याचा निरोप आला की भाव पुन्हा चढेल, हात लावू नकोस. दादाला वेगळी काळजी लागली होती, मला वेगळी, आणि दोन्हींच्या मधे तो कापूस आढ्याला टेकून पडला होता. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. शाळेत फळ्यावर गणित लिहिता लिहिता मला वाटायचं, आज नवमी, आता वडील कुठवर आले असतील. पावसाळ्यात तर कहर झाला. रात्री पाऊस वाजला की मी उठून बसे.

सदुभटांची अवस्था माझ्याहून वाईट. त्या वर्षी गावात पटकीची साथ येऊन गेली आणि दान वाढलं. इतर खाटांच्या पाळ्या सांभाळून ते रोज थोडा वेळ आमच्या पलंगाशेजारी उघड्या जमिनीवर पडत, वडिलांना तेवढाच आराम म्हणून. त्यांना खोकला जडला. एका मोठ्या घरचे लोक तो पलंग मुलीच्या लग्नासाठी मागायला आले. त्यांना तो कुठून आला हे ठाऊक नव्हतं. मी आमच्या ओट्यावर ऐकत उभा. आत ठेवायला जागा नाही, बाहेर ओट्यावर दोन नव्या खाटा भिजताहेत, आणि समोर घेणारा माणूस हात जोडून उभा. विकला असता तर मी काही म्हणू शकलो नसतो. सदुभटांनी त्यांना सांगितलं, "पलंगावर मानूस बसेल आहे जी." ते लोक रिकाम्या पलंगाकडे बघत बघत, जोडे हातात घेऊनच निघून गेले.

दिवाळी झाली. वर्ष भरायला महिना उरला. दादाचा पुन्हा तोच निरोप आला, आणि तो मी बायकोला वाचून दाखवला. ती चुलीपुढे होती. तिनं फुंकणी खाली ठेवली.

"तुमचे दादा अमरावतीले आहेत," ती म्हणाली. "मामंजी तिकडं बसून राह्यले. तुमाले कोनाचं भेव जास्त आहे, ते एकडाव ठरवा."

आणि मी ठरवायच्या आत तिनं पदर खोचला, खोलीचं दार उघडलं आणि कवेत मावेल तेवढा कापूस बाहेर ओढला. मीही लागलो. तासाभरात आमचं अंगण भरलं, ओटा भरला, आणि खोलीतला ढीग होता तेवढाच दिसायला लागला. कापूस दाबून भरला होता, काढला की फुगत होता. जमिनीवर टाकावा तर माती लागणार. मी हताश होऊन पायरीवर बसलो. तेवढ्यात सदुभट आपली एक खाट डोक्यावर घेऊन आले. मग दुसरी. मग तिसरी. गल्लीभर त्यांनी खाटा मांडल्या आणि त्यांच्यावर आम्ही कापूस रचायला लागलो.

आता, सदुभटांच्या घरातून एकापाठोपाठ एक खाट बाहेर येताना दिसली तर लोकांनी काय समजावं? वरच्या आळीतले लोक धावत आले. एका म्हातारीनं तर दुरूनच गळा काढला. पटकी परत आली, गल्लीत एकदम नऊ माणसं गेली, अशी हूल बाजारापर्यंत पोचली. आम्ही सांगतोय की कुणी गेलेलं नाही, आणि सदुभट म्हणताहेत, "कोनी गेलं कसं नाई? हे पाटील, हे सोनार, हे घड्याळवाले." लोक जास्तच घाबरले.

संध्याकाळी घोंगडी हाताला लागली. एका बाजूनं बुरसली होती, पण धड होती. बायकोनं ती झटकली, उन्हासाठी सकाळपर्यंतही थांबली नाही, आणि सदुभटांच्या हातात दिली. त्या रात्री मी वर्षात पहिल्यांदा सलग झोपलो. सकाळी सदुभट आले. ते नुसते हसले, आणि त्यांच्या एका गालावर घोंगडीच्या विणीचे वळ उठले होते.

कापसाचं मात्र व्हायचं ते झालं. मेलेल्यांच्या खाटांवर कापूस पसरला होता ही बातमी माल विकून देणाऱ्या अडत्याला कळली आणि अकोल्यात त्या मालाला कुणी शिवेना. दादा तणतणत आला. गाडीतून उतरला तेव्हाच त्याचा आवाज गल्लीत घुमत होता.  तो तडक वडिलांच्या खोलीत शिरला. बायकोनं ती खोली नुकतीच सारवली होती. आत काहीच नव्हतं. दादा भिंतीला टेकून उभा राहिला, मग हळूहळू खाली बसला. मी दारात उभा. त्यानं विचारलं, घोंगडी कुठे आहे? मी सांगितलं. त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी कापूस गाड्यांत भरून तो अमरावतीला घेऊन गेला आणि तिथं मिळेल त्या भावात काढून टाकला. त्या गोष्टीवरून तो मला पुढे कधीही बोलला नाही.

वर्षश्राद्ध झालं. दुपारी सदुभट आमच्या ओट्यावर आले, हात जोडून "पोचले" म्हणाले. पलंगही मार्गी लागला होता. त्यांनी तो सुटा करून, गावाबाहेर आगगाडीच्या रुळांच्या कामावर आलेल्या परमुलखातल्या सुतारांना देऊन टाकला. त्यांना आमच्या चालीरीतींशी देणंघेणं नव्हतं. आणि घोंगडी एका धनगरानं नेली. धनगर म्हणाला, लोकर मेंढीची, तिला कुणाचं सुतक.

एरवी अशी आवराआवर झाली की सदुभट हलके होऊन घरी जात. त्या दिवशी ते गेले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. बायकोनं त्यांना ताक दिलं. आमच्या घरात त्यांनी कधी काही तोंडात घातलं नव्हतं, कारण आम्ही कधी विचारलंच नव्हतं. असल्या ब्राह्मणाला शुभदिवशी कुणी दारात उभं करत नाही, त्याला मुलगीही कुणी देत नाही. ते तसेच एकटे म्हातारे झाले होते.

मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "भटजी, तुम्ही सगळ्यांसारखे झोपता. तुम्हाला स्वतःला कशी झोप लागते?"

त्यांनी ताकाचा पेला खाली ठेवला.  मला वाटलं, उशी म्हणतील, नाहीतर डावी कूस म्हणतील.

"हे मले कोनी इचारलं नाई," ते म्हणाले. "माह्यामागं देनारं कोनी नाई, अन् माह्यं घेनारंबी कोनी नाई. म्हनून म्याबी इचारलं नाई." मग अवघडून ते म्हणाले, "तुमचे वडील या खोलीत बोलत ना, तवा मले झोप लागे. काय बोलत ते समजे नाई. नुसतं बाजूले कोनी बोलून राह्यलं पायजे. कापूस भरला, तवापासून भिंतीतून काई येत नाई."

एवढं बोलून ते उठले आणि घरी गेले.

 बायको आत गेली, तिनं निवडायच्या तांदळाचं सूप घेतलं आणि वडिलांच्या खोलीत त्या भिंतीशी जाऊन बसली. मीही गेलो.  ती म्हणाली, "अवो, औंदा तुरी बऱ्या आल्या म्हन्तात." मी म्हणालो, आल्या. ती म्हणाली, तिच्या माहेरी म्हैस आटली. मी म्हणालो, सरकी घालून बघा म्हणावं. असं आम्ही बोलत बसलो. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण इतकं सलग आम्ही कधी बोललो नव्हतो. विषय संपले तेव्हा तिनं पुन्हा तुरीपासून सुरुवात केली. भिंतीपलीकडून खोकल्याचे दोन आवाज आले, मग एक खाट करकरली, आणि मग घोरणं सुरू झालं. ते पाटलांचं नव्हतं, सोनारांचं नव्हतं. आम्ही ते कधी ऐकलेलंच नव्हतं. मी बोलायचा थांबलो, तशी बायकोनं मला कोपर मारलं आणि म्हणाली, "बोला ना." मी बोलायला लागलो.